‘अंडरस्टिअर’ आणि ‘ओव्हरस्टिअर’ : दोन संज्ञांचा अर्थविचार

पारिभाषिक संज्ञेचा अवयवार्थ आणि तिचा शास्त्रीय अर्थ यांत अंतर पडले, तर सामान्यतः वाचकाचा गोंधळ होतो. काही क्षेत्रांत मात्र परिणाम गोंधळावरच थांबत नाही. हौशी चालकांनी शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर वेगाने मोटार चालविणे, हे अशा क्षेत्रांपैकी एक होय. अशा आयोजनास ‘ट्रॅक डे’ म्हणतात. तेथे स्पर्धा नसते, पारितोषिक नसते; बहुधा फेरीचा वेळ मोजण्यासही मनाई असते. जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंगचा १९२७ साली खुला झालेला, सुमारे २०.८ किलोमीटर लांबीचा नॉर्डश्लायफे हा मार्गही ठराविक वेळी शुल्क भरून हौशी चालकांना वापरता येतो. त्या वेळी तेथे सार्वजनिक रस्त्याचेच वाहतूकनियम लागू असतात, आणि कठड्याचे नुकसान झाल्यास त्याची भरपाई चालकास करावी लागते.

या चालकांत लोकप्रिय असलेला एक वाहनप्रकार म्हणजे ‘हॉट हॅच’. मागे वर उघडणारे दार असलेल्या लहान कौटुंबिक मोटारीस अधिक शक्तिमान इंजिन बसविले, की हा प्रकार सिद्ध होतो. १९७६ साली विक्रीस आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय या गाडीने (१.६ लिटर, ११० अश्वशक्ती) तो विशेष लोकप्रिय केला. या वर्गातील बहुतेक गाड्यांत इंजिन पुढे असते आणि गतीही पुढच्याच चाकांना दिलेली असते. म्हणजे दिशा देणे, गाडी ओढणे आणि ब्रेक लावताना बराचसा भार पेलणे, ही तिन्ही कामे पुढच्या दोन टायरांकडे येतात.

टायरची रस्त्यावरील पकड मर्यादित असते. ती गती वाढविण्यात खर्च झाली, तर वळण्यासाठी तितकी कमी उरते. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर पकडीचा गुणांक १ मानल्यास वेगाची मर्यादा ताशी सुमारे ८० किलोमीटर येते. ताशी ८५ किलोमीटर वेगासाठी सुमारे १३ टक्के अधिक पकड लागते. कारण लागणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ही मर्यादा पुढच्या टायरांनी आधी ओलांडली, की गाडी अपेक्षित मार्गाबाहेर रुंद जाऊ लागते. हेच ‘अंडरस्टिअर’. मागच्या टायरांनी ती आधी ओलांडली, की मागचा भाग बाहेर झुकतो आणि गाडी अपेक्षेहून अधिक वळते. हेच ‘ओव्हरस्टिअर’.

येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. ‘स्टिअर’ हे इंग्रजी क्रियापद सकर्मक असून त्याचा स्वाभाविक कर्ता चालक होय. त्यामुळे ‘अंडरस्टिअर’ हा शब्द प्रथम ऐकणाऱ्यास ‘चालकाने चक्र कमी फिरविले’ असा अर्थ सुचण्याचा संभव आहे, आणि त्यावरील उपाय ‘चक्र अधिक फिरवावे’ असा ठरतो. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. चाकाचा रोख आणि त्याच्या प्रत्यक्ष गतीची दिशा यांतील कोन एका मर्यादेपर्यंत वाढला, तर वळविणारे बलही वाढते. त्यापुढे ते वाढत नाही, उलट घटू लागते. म्हणून पकड सुटलेले चाक आणखी वळविल्याने गाडी वळत नाही. अशा वेळी चक्र किंचित सैल करून गतिवर्धकावरील दाब हळूहळू कमी करणे, हाच योग्य उपाय ठरतो.

‘हळूहळू’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. पाय एकदम उचलला, तर गाडीचा भार पुढे सरकतो आणि मागची चाके हलकी होतात. पुढच्या टायरांना पकड परत मिळते, पण ती मागच्या टायरांकडून निघून जाते. परिणामी पहिल्या दोषातून दुसरा उद्भवतो. १९८४ साली आलेली प्यूजो २०५ जीटीआय याच स्वभावासाठी चालकांत प्रसिद्ध झाली. भीती वाटताच पाय उचलणे ही नवशिक्याची स्वाभाविक प्रतिक्रिया असते, आणि वळणाच्या मध्यावर तीच सर्वाधिक घातक ठरते. मागचा भाग सुटल्यावर चक्र घसरणीच्या दिशेने फिरवावे लागते आणि पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत गतिवर्धक सौम्यपणे दाबून भार मागे न्यावा लागतो.

तात्पर्य, या दोन्ही संज्ञा चालकाच्या क्रियेच्या वाचक नसून, चालकाचा हेतू आणि गाडीचा प्रतिसाद यांतील अंतराच्या वाचक आहेत. मराठीत त्यांसाठी प्रतिशब्द घडवावयाचा झाल्यास ‘कमी वळविणे’ व ‘जास्त वळविणे’ ही प्रयोजक रूपे टाळली पाहिजेत. ‘न्यूनवलन’ व ‘अतिवलन’ ही रूपे अधिक यथार्थ होत. कारण ‘वलन’ म्हणजे वळणे, आणि त्या क्रियेचा कर्ता गाडी आहे. प्रयोजक प्रत्ययाचा हा भेद व्याकरणात लहान वाटला, तरी तो कळलेला चालक योग्य क्षणी चक्र सैल करील, आणि न कळलेला ते आणखी आवळील.