छप्पर घालणारा कंत्राटदार निवडताना

घर बांधताना जोते, भिंती, दारे-खिडक्या यांकडे घरमालकाचे जितके लक्ष असते तितके ते छपराकडे नसते, असे बहुधा दिसून येते. जोते डोळ्यांसमोर असते, भिंतीला हात लावून पाहता येतो. छप्पर मात्र एकदा चढले की त्याच्या पाठीवर काय झाले आहे हे पाहण्यासाठी कोणी पुन्हा शिडी लावीत नाही. त्यामुळे घरातील इतर कोणत्याही कामापेक्षा छपराचे काम अधिक प्रमाणात विश्वासावर चालते. हा विश्वास कोणावर टाकावा आणि तो टाकण्यापूर्वी काय पाहावे, याचे विवेचन येथे केले आहे. कोकणातील कौलारू आणि पत्र्याची घरे प्रामुख्याने डोळ्यांपुढे ठेवली आहेत. सिमेंटच्या सपाट गच्चीची गळती हा निराळा विषय असून त्यासाठी कारागीरही निराळा लागतो.

दिनांक ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता. पुढच्याच वर्षी मे महिन्याच्या मध्यास ‘तौक्ते’ वादळ कोकण किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले. या दोन वादळांत असंख्य घरांवरील कौले आणि पत्रे उडून गेले. अशा प्रसंगी घर उघडे, धान्य भिजलेले आणि पाऊस डोक्यावर अशी कुटुंबाची स्थिती असते. जो प्रथम भेटेल आणि ‘उद्याच येतो’ म्हणेल त्याच्या हाती मदतीची रक्कम व गाठीची शिल्लक सोपविली जाते. निवड चुकण्याचे सर्वांत मोठे कारण ही घाई होय.

वारा आणि छप्पर

कंत्राटदाराची पारख करण्यासाठी छप्पर कशाने टिकते हे घरमालकाला थोडेफार ठाऊक असले पाहिजे. मंगलोरी कौले एका चौरस मीटरला सुमारे १५ लागतात आणि एकेका कौलाचे वजन २ ते ३ किलो असते. म्हणजे चौरस मीटरला ३० ते ४५ किलो वजन छपरावर बसलेले असते. त्याच जागी पातळ लोखंडी पत्रा घातला तर हे वजन ४ ते ५ किलोंवर येते. आता ताशी ११० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ५७ किलो भरतो. छपरावरून वेगाने जाणारा वारा छपराला वर ओढतो, आणि दारे-खिडक्या उघड्या असल्यास आत शिरलेला वारा त्याला खालून रेटतो. ही ओढ छपराच्या कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्यापाशी सर्वाधिक असते. म्हणून वळचणीची पहिली ओळ आणि आढ्यावरची कौले वाऱ्याने प्रथम उचलली जातात.

यातून निघणारा अर्थ सरळ आहे. कौले बऱ्याच अंशी आपल्या वजनाने बसून राहतात, पत्रा मात्र बांधूनच ठेवावा लागतो. जुने कौलारू छप्पर उतरवून त्याच वाशांवर पत्रा घालण्याची प्रथा आता सर्वत्र पसरली आहे. कौले महाग झाली, शाकारणी करणारी माणसे मिळेनाशी झाली, माकडांचा उपद्रव वाढला, ही त्याची कारणे खरीच आहेत. परंतु ते वासे कौलांचा भार पेलण्यासाठी घातलेले असतात. छपराला वर उचलले जाण्यापासून रोखण्यासाठी नव्हे. पत्रा वाशांना पक्का बसविला, पण वासे भिंतीला बांधले नाहीत, तर वादळात वाशांसह सगळे छप्परच उठते.

यास्तव पत्र्याचे काम मागावयास आलेल्या कंत्राटदाराने प्रथम विचारावयाचा प्रश्न असा, की वासे भिंतीवर कशाने धरून ठेवले आहेत? जो हा प्रश्न विचारतो, माळ्यावर चढून खालून टॉर्च फिरवितो, संशय आलेल्या वाशात पोगर टोचून वाळवी किती खोल गेली आहे हे पाहतो आणि मगच दर सांगतो, तो आपला धंदा जाणतो. अंगणात उभे राहून, पावलांनी लांबी-रुंदी मोजून लगेच आकडा सांगणारा स्वस्त असला तरी त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

शोध केव्हा व कसा घ्यावा

कोकणात छपराच्या कामाचा हंगाम साधारणपणे शिमग्यानंतर सुरू होतो आणि मृग नक्षत्राच्या तोंडावर संपतो. या दोन-अडीच महिन्यांत चांगल्या मेस्त्रीला उसंत नसते. मे महिन्यात जो अगदी मोकळा सापडतो तो मोकळा का आहे, याची चौकशी केलेली बरी. निवड दिवाळी ते संक्रांत या काळात करून ठेवावी.

त्याने पूर्वी केलेली कामे पाहण्यास मात्र पावसाळ्यासारखा दुसरा काळ नाही. दोन-तीन पावसाळे खाल्लेले छप्पर भर पावसात जाऊन पाहावे. नवे छप्पर सर्वांचेच चांगले दिसते. त्या घरच्या माणसांना ‘काम बरे झाले का’ असे मोघम विचारू नये, कारण बहुतेक लोक भिडेपोटी ‘बरे झाले’ असेच सांगतात. पहिल्या पावसात कुठे गळले का, गळल्यावर निरोप पाठविला तेव्हा तो किती दिवसांनी आला आणि पुन्हा पैसे मागितले का, हे विचारावे. छप्पर एखाद्या ठिकाणी गळणे हा मोठा दोष मानण्याचे कारण नाही. गळल्यावर तोंड न दाखविणे हा मोठा दोष आहे.

कंत्राटदार जवळपासचा असावा, त्याचे घर वा दुकान ठाऊक असावे. वस्तू व सेवा कराची नोंदणी नसली एवढ्यावरून एखादा लहान कारागीर अप्रामाणिक ठरत नाही. मर्यादेपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांस ती सक्तीची नाही. मात्र नोंदणी नसताना जो बिलात कर लावतो त्याच्यापासून दूर राहावे. नोंदणी क्रमांक खरा आहे किंवा नाही हे शासनाच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येते.

अंदाजपत्रक आणि मोजमाप

किमान तिघांकडून लेखी अंदाजपत्रक घ्यावे. ही अंदाजपत्रके एकाच मापावर आधारलेली नसतील तर त्यांची तुलना व्यर्थ होय. छपराचे दर बहुधा चौरस फुटावर किंवा ब्रासवर, म्हणजे १०० चौरस फुटांवर, सांगितले जातात. परंतु हे चौरस फूट कुठले? घराची जमिनीवरील व्याप्ती, वळचणीसह, ६०० चौरस फूट असेल आणि छपराचा उतार ३० अंशांचा असेल, तर उतारावर मोजलेले क्षेत्र सुमारे ६९३ चौरस फूट भरते. एकाने पहिले माप धरले आणि दुसऱ्याने दुसरे, तर कमी दराचा माणूस प्रत्यक्षात महाग पडू शकतो. त्यातच पत्र्यांचे एकमेकांवर येणारे पदर मोजावयाचे की झाकलेले क्षेत्र मोजावयाचे, हा आणखी एक वादाचा मुद्दा असतो. माप कोणत्या रीतीने धरावयाचे हे दर ठरविण्यापूर्वीच लिहून घ्यावे.

जुने छप्पर उतरविणे, परांची, वाहतूक, आढ्याचा पत्रा, पन्हळ, हूक व स्क्रू हे सर्व दरात धरले आहे किंवा कसे, हेही स्पष्ट असावे. आणखी एक बाब सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. उतरविलेल्या जुन्या मालाचा धनी कोण? जुने सागवानी किंवा ऐनाचे वासे आणि धड निघालेली मंगलोरी कौले यांना आजही चांगली किंमत येते. ‘भंगार उचलून नेतो’ असे म्हणणारा पुष्कळदा हीच किंमत मनात धरून दर कमी सांगत असतो. तसा व्यवहार करण्यास हरकत नाही, पण तो उघड असावा. वासे बदलावे लागतील असे कंत्राटदाराने म्हटल्यास कोणते ते त्याने खडूने खूण करून दाखवावे आणि त्यांची संख्या कागदावर यावी.

पत्रा कोणता घ्यावयाचा हे ‘गेज’मध्ये सांगण्याची जुनी रीत आहे. तीत घोटाळ्यास वाव राहतो. जाडी मिलिमीटरमध्ये आणि जस्ताचा लेप चौरस मीटरला किती ग्रॅम, हे लिहून घ्यावे. चांगल्या कारखान्याच्या पत्र्याच्या मागील बाजूस कारखान्याचे नाव आणि हा तपशील छापलेला असतो. शंका आल्यास वजन करून पाहावे. १.२२ मीटर रुंदीच्या सपाट पत्र्यापासून बनविलेला ३ मीटर लांबीचा पत्रा ०.५० मिलिमीटर जाडीचा असेल तर सुमारे १४ किलो भरतो, ०.४० मिलिमीटरचा असेल तर साडेअकराच्या आसपास. हा फरक साध्या काट्यावरही कळतो. कौलांच्या बाबतीत हाताची पेरे मारून पाहण्याची जुनी परीक्षा अजून खोटी ठरलेली नाही. नीट भाजलेले कौल खणखणीत वाजते.

करार व रकमेची वाटणी

तोंडी व्यवहार हा गावच्या सौजन्याचा भाग असला तरी पैसे देताना कागद असावा. दोन पानांचा साधा करारही पुरेसा होतो. त्यात मालाचे वर्णन, मापाची रीत, एकूण रक्कम, काम सुरू व पूर्ण करण्याच्या तारखा आणि गळती निघाल्यास किती दिवसांत दुरुस्ती करावयाची, एवढे आले पाहिजे. काम उक्ते असो वा रोजंदारीवर, यातील बहुतेक बाबी लागू पडतात.

घरकुलाचे अनुदान शासन एकरकमी न देता काम जसे वर चढेल तसे हप्त्यांनी देते. तोच नियम घरमालकाने कंत्राटदारास लावावा. विसार म्हणून थोडी रक्कम, माल जागेवर आल्यावर मालाची किंमत, लाकूडकाम वा सांगाडा झाल्यावर एक हप्ता आणि छप्पर चढल्यावर उरलेला मोठा भाग, अशी वाटणी करता येते. सार्वजनिक कामांत कंत्राटदाराची काही रक्कम दोष-दुरुस्तीच्या मुदतीपर्यंत राखून ठेवण्यात येते. घराच्या कामातही एकूण रकमेचा दहावा हिस्सा पहिला पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवण्याचे ठरवावे. आपल्या कामाची खात्री असलेला मनुष्य या अटीला कुरकुरत का होईना, पण मान्यता देतो. जो सुरुवातीलाच अर्ध्याहून अधिक उचल मागतो, त्याला आपल्या पैशांतून बहुधा मागील गिऱ्हाइकाचा माल आणावयाचा असतो.

माल स्वतः खरेदी करून केवळ मजुरी ठरविणे हा एक मार्ग आहे. यात मालाची फसवणूक टळते. तथापि पुढे गळती झाल्यास कारागीर मालाकडे बोट दाखवितो आणि दुकानदार कारागिराकडे. ज्यांना माल पारखता येतो त्यांनीच हा मार्ग धरावा.

काम चालू असताना

घरमालकाने कारागिराच्या डोक्यावर उभे राहणे इष्ट नाही, परंतु काही गोष्टी खालूनही पाहता येतात. पत्र्याला भोक नालीच्या उंचवट्यावर पाडावयाचे असते. खोलगट भागातून पाणी वाहत असल्याने तेथील भोक गळणारच. प्रत्येक स्क्रूखाली रबरी वायसर हवा, आणि तो चेपून फाटेपर्यंत आवळलेला नसावा. वरचा पत्रा खालच्यावर किमान १५ सेंटिमीटर चढला पाहिजे. पत्र्यांच्या बाजूच्या पदराचे तोंड पावसाळी वाऱ्याच्या, म्हणजे नैर्ऋत्येच्या, विरुद्ध दिशेस असावे. म्हणून पत्रे लावण्यास वाऱ्याच्या आडोशाकडील टोकापासून आरंभ करतात. ग्राइंडरने पत्रा कापल्यास उडणारा तप्त कीस लेपात रुतून बसतो व खारट हवेत तेथेच गंज धरतो. वळचण, कोपरे आणि आढे येथे स्क्रू इतर भागांपेक्षा जवळजवळ आहेत ना, हे मोजून घ्यावे. या एका बाबतीत काटकसर चालत नाही.

माणसांच्या जिवाचा प्रश्न याहून मोठा आहे. जुने सिमेंटचे पत्रे वरून भक्कम दिसतात, पण पाय पडताच तुटतात आणि कामगार थेट जमिनीवर येतो. अशा छपरावर आडव्या फळ्या टाकून आणि कमरेला दोर बांधूनच चढले पाहिजे. या जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते. त्याची धूळ फुप्फुसांस घातक असल्याने ते फोडून खाली न टाकता पाण्याने भिजवून अखंड उतरवावेत. घरावर येणारी विजेची तार वळचणीजवळून जात असल्यास महावितरणला कळवून प्रवाह बंद करून घ्यावा. लांब पत्रा हाताळताना त्याचे टोक तारेला लागले तर सावरण्यास अवधी मिळत नाही. या गोष्टींची जो फिकीर करीत नाही, त्याला काम देऊ नये. अपघात झाल्यास उपचाराचा भार कोणावर, हे करारात लिहिलेले असावे आणि कामगारांचा विमा असल्यास त्याची प्रत पाहून घ्यावी.

एका दिवसात झाकता येईल तेवढेच छप्पर उघडावे, हे जुने मेस्त्री न सांगता पाळीत. आता ते सांगावे लागते.

तक्रारीची वाट

इतके करूनही फसगत झाली तर प्रथम कंत्राटदारास लेखी कळवावे, मुदत द्यावी आणि गळतीची छायाचित्रे तारखेसह जपून ठेवावीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. त्याने निभावले नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. मोबदल्याची रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तेथे तक्रारीचे शुल्क पडत नाही, आणि वकील देण्याची सक्ती नाही. पावत्या, करार व अंदाजपत्रक यांच्या प्रती मात्र सोबत जोडाव्या लागतात. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ही तक्रार तिचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत दाखल झाली पाहिजे. पहिल्या पावसात दिसलेली गळती ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून दोन पावसाळे अंगावर काढणाऱ्याची मुदत बहुधा येथेच निघून जाते.