कार्मोंतेलचा छोटा मोत्झार्ट

नोव्हेंबर 1763 मध्ये मोत्झार्ट कुटुंब पॅरिसला पोहोचलं, तेव्हा वोल्फगांग अवघा सात वर्षांचा होता. तिथेच लुई कार्मोंतेलने त्याला जलरंगात टिपलं. हार्प्सिकॉर्डवर चिमुकला, मागे व्हायोलिन वाजवणारे वडील लिओपोल्ड, हातात कागद धरून गाणारी बहीण नानर्ल. पोराचे पाय जमिनीला टेकतही नाहीत!

कार्मोंतेल जोडे शिवणाऱ्याचा मुलगा. ऑर्लेआँच्या ड्यूकच्या पदरी राहून त्याने नाटुकली लिहिली, पॅरिसची मोंसो बाग आखली. माणसं मात्र बहुतेकदा एकाच बाजूने रंगवायचा. चेहरे जरा एकसुरी, पण पोशाख आणि खुर्च्या? लाजवाब.

लिओपोल्ड प्रसिद्धीत तरबेज. 1764 मध्ये देलाफोसने या चित्रावरून कोरलेल्या छापचित्राचा त्यांनी दौऱ्यात पुरेपूर उपयोग केला.

कार्मोंतेलच्या व्यक्तिचित्रांचा मोठा संग्रह आज शांतीयीच्या काँदे संग्रहालयात आहे.