भाषेचीच राखण

मोबाइलवरून भाजीवाल्याला पैसे देताना आपण विश्वास टाकतो तो कोणावर? बँकेवर, असे आपण म्हणू. पण बँकेच्याही मागे कोणीतरी लिहिलेला मजकूर असतो. प्रोग्रॅम म्हणजे अखेर मजकूरच, आणि तो ज्या भाषेत लिहिला जातो तिचे व्याकरण ढिले असेल तर चोराला तेवढी फट पुरते. संगणक हा काही माझा प्रांत नव्हे. भाषा आणि व्याकरण हा मात्र आहे, म्हणून या विषयाने मला ओढून घेतले.

७ एप्रिल २०१४ रोजी ‘हार्टब्लीड’ हे नाव जगभर झाले. ‘ओपनएसएसएल’ नावाचा एक प्रोग्रॅम आहे. वेबसाइट आणि आपण यांच्यातले बोलणे तिसऱ्याच्या कानी पडू नये म्हणून त्याला कुलूप घालणे हे त्याचे काम. त्यात एक छोटीशी सोय होती. एका संगणकाने दुसऱ्याला विचारायचे, ‘जागा आहेस ना? हा मजकूर घे, इतक्या लांबीचा आहे, जसाच्या तसा परत पाठव.’ लांबी सांगणार विचारणाराच, आणि समोरचा सर्व्हर ती पडताळून पाहत नसे. इस्त्रीवाल्याकडे आपण दोन सदरे टाकावेत, चिठ्ठीवर साठ लिहावेत, आणि त्याने शेजारच्या गठ्ठ्यांतले अठ्ठावन्न कपडे आपल्या हवाली करावेत, तसा प्रकार! एका खेपेला ६४ किलोबाइटपर्यंत परकी मेमरी हाती लागे. त्यात कधी पासवर्ड, कधी तर कुलपाची गुप्त किल्लीच. कॅनडाच्या कर खात्यातून सुमारे ९०० लोकांचे सोशल इन्शुरन्स क्रमांक असे पळवले गेले. ही चूक २०१२ पासून तिथे बसून होती आणि तो मजकूर कोणालाही वाचायला खुला होता. दोन वर्षे ती जगासमोर आली नाही.

लिहिणारा चुकला, हे खरेच. पण ओपनएसएसएल लिहिले गेले ते ‘सी’ या भाषेत. डेनिस रिची यांनी ती १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये घडवली. त्या काळी संगणकाची मेमरी तुटपुंजी, प्रत्येक पडताळणीला वेळ जाणार. म्हणून सी भाषा गृहीत धरते, की लिहिणाऱ्याला आपण काय करतो आहोत ते कळते. दहा खणांचे फडताळ मागितलेत आणि अकराव्यात हात घातलात, तरी ती हटकत नाही. या भाषेत ‘गेट्स’ नावाची एक आज्ञा होती. ती बाहेरून आलेली ओळ भांड्यात ओतायची. भांडे केवढे हे न विचारता. नोव्हेंबर १९८८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’ हजारो संगणकांत शिरला, त्याच्या वाटांपैकी एक हीच होती. भांडे ५१२ बाइटचे. त्याने त्याहून जास्त ओतले आणि उतू गेलेल्या भागात स्वतःच्या आज्ञा बसवल्या. ती आज्ञा सी भाषेच्या प्रमाण ग्रंथातून वगळली गेली २०११ मध्ये. तब्बल तेवीस वर्षांनी! प्रमाणलेखनाचे नियम बदलायला वेळ लागतो म्हणून आपणच कुरकुरतो.

यावर एक उपाय असा, की प्रोग्रॅम चालवण्याआधी दुसऱ्या प्रोग्रॅमकडून तो वाचून घ्यायचा. गझलेचा शेर वृत्तात आहे की नाही हे लघु-गुरू मोजून, अर्थ न कळताही सांगता येते. तशीच ही तपासणी. १९७८ मध्ये बेल लॅब्जच्याच स्टीफन जॉन्सन यांनी ‘लिंट’ हे असे एक साधन केले. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेले बारीक धागे. पुढची साधने याहून चतुर आहेत. बाहेरून आलेला प्रत्येक आकडा ती ‘बाटलेला’ मानतात आणि पडताळणी न होता तो कुठवर पोहोचतो याचा माग काढतात.

मग हार्टब्लीड का सुटले? ‘कव्हेरिटी’ या नावाजलेल्या साधनाने ओपनएसएसएल तपासले होते, तरी ते निसटले. तो आकडा बाहेरून आला आहे हेच साधनाला ओळखता आले नव्हते. घटनेनंतर त्याच्या कर्त्यांनी ओळखीची एक नवी खूण शिकवली. या वाचकाला मूळचीच एक मर्यादाही आहे. कोणताही प्रोग्रॅम दिला तरी तो थांबेल की नाही हे अचूक सांगणारी पद्धत असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्येच सिद्ध केले. त्यामुळे असे साधन एक तर काही चुका सोडते, नाही तर विनाकारण ओरडते. फार ओरडले, की प्रोग्रॅमर त्याच्याकडे लक्ष देईनासे होतात.

दुसरा उपाय मला जास्त पटतो: भाषाच बदलायची. मोझिलात काम करणाऱ्या ग्रेडन होअर यांच्या व्हँकूव्हरमधल्या इमारतीची लिफ्ट २००६ मध्ये सॉफ्टवेअर कोलमडल्याने बंद पडली. एकविसाव्या मजल्यावर चढून जाताना ते चिडले, आणि ‘रस्ट’ची सुरुवात झाली. २०१५ मध्ये तिची पहिली पक्की आवृत्ती आली. रस्टमध्ये मेमरीतल्या प्रत्येक वस्तूला एकच मालक. उसनी देता येते, पण अटीवर: वाचणारे कितीही असोत, खाडाखोड करणारा एकच, आणि तो करत असेल तोवर वाचणारा कोणी नाही. जागा सोडलेल्या भाडेकरूकडे जुनी किल्ली राहण्याचा प्रकार इथे कंपायलरच हाणून पाडतो. तसा प्रोग्रॅम तो तयारच होऊ देत नाही. अकराव्या खणात हात घातला, तर चालता प्रोग्रॅम तिथेच थांबतो. थांबणे ही नामुष्की खरी, पण दुसऱ्याचे कपडे तरी जात नाहीत.

फरक पडतो का? गूगलने दिलेल्या आकड्यांनुसार अँड्रॉइडमधल्या सुरक्षेच्या त्रुटींत मेमरीच्या चुकांचा वाटा २०१९ मध्ये ७६ टक्के होता, तो २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला. गंमत म्हणजे जुना मजकूर त्यांनी फारसा बदलला नाही. नवा तेवढा सुरक्षित भाषांत लिहिला. जुन्यातल्या चुका वापरता वापरता सापडत जातात, धोका असतो तो ताज्या लिखाणात.

रस्टमध्येही पळवाट आहे. यंत्राशी थेट बोलायचे असेल तेव्हा प्रोग्रॅमर ‘अनसेफ’ हा शब्द लिहून कंपायलरची काही बंधने तेवढ्या ओळींपुरती सैल करून घेतो. तिथली जबाबदारी त्याची. पण तो शब्द मजकुरात उघड राहतो, आणि तपासायला बसलेला माणूस सगळ्यात आधी तोच शोधतो.