हसवणारी टुणटुण, गाणारी उमादेवी

जरा अंगानं भरलेली मुलगी दिसली की आपल्याकडे कुणीतरी पटकन ‘टुणटुण’ म्हणून मोकळं होतं. शाळेत, लग्नघरात, चारचौघांत. म्हणणाऱ्याला गंमत वाटते आणि ती पोर मात्र ताटातली अर्धी पोळी तशीच ठेवून उठते. पण मैत्रिणींनो, जिचं हे नाव, ती बाई कोण होती ठाऊक आहे?

तिचं खरं नाव उमादेवी खत्री. जन्म १९२३ चा, उत्तर प्रदेशातला. आईवडील लहानपणीच गेले. नातेवाइकांच्या घरी पडेल ते काम करायचं आणि रेडिओवरची गाणी ऐकून गुणगुणायचं, एवढंच तिचं गाण्याचं शिक्षण! विशीतच ती घर सोडून मुंबईला आली आणि थेट संगीतकार नौशाद यांच्या दारात उभी राहिली. ‘गायला दिलं नाहीत तर समुद्रात उडी टाकीन,’ अशी धमकीच तिनं दिली, असं सांगतात.

नौशादनी ऐकलं आणि संधी दिली. १९४७ साली ‘दर्द’ आला. त्यातलं मुनव्वर सुलतानावर चित्रित झालेलं उमादेवीचं गाणं घरोघरी पोचलं. त्याच सिनेमात ती सुरैयाबरोबरही गायली. पाठोपाठ १९४८ च्या ‘चंद्रलेखा’साठी तिला मद्रासचं बोलावणं आलं. नाव झालं, संसारही सुरू झाला.

पण काळ बदलत होता. लता मंगेशकरांचा आवाज आला आणि गाण्याची चालच पालटली. वरच्या पट्टीतल्या, अवघड हरकतींच्या चाली येऊ लागल्या. उमादेवीकडे रीतसर तालीम नव्हती. कामं कमी झाली. बाळंतपणांनंतर वजनही वाढलं होतं. अशा वेळी बाई खचते, नाही का? नौशादनीच तिला अभिनय कर म्हणून सुचवलं. तिची अट एकच, पहिला सिनेमा दिलीपकुमारबरोबर हवा! १९५० च्या ‘बाबूल’मध्ये ती पुरी झाली आणि उमादेवीची ‘टुणटुण’ झाली.

मग गुरुदत्तच्या ‘आरपार’ (१९५४), ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ (१९५५) आणि ‘प्यासा’पासून (१९५७) पुढे कितीतरी वर्षं तिनं थिएटरं हसवली. भूमिका लहान असत, बरेचदा विनोद तिच्या देहावरच असे. ते बोचत नसेल असं कसं म्हणावं? पण ती पडद्यावर कधी बिचारी दिसली नाही. डोळे वटारून, ठसक्यात बोलून समोरच्यालाच गार करायची. नोव्हेंबर २००३ मध्ये ती गेली, तोवर हिंदी सिनेमातली पहिली विनोदी अभिनेत्री म्हणून तिचं नाव पक्कं झालं होतं.

तेव्हा आपल्या लेकीला, भाचीला कुणी ‘टुणटुण’ म्हणालं, तर एक करा. चिडवणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. आणि मग ‘दर्द’मधलं ते गाणं लावून पोरीला शेजारी बसवा. म्हणावं, ऐक, ही टुणटुण!