मुलांना ॲडव्हेंचर कॅम्पला पाठवताय? तिथे नेमकं काय होतं आणि पैसे भरण्याआधी काय विचारायचं?

परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की घरात दोन गोष्टी सुरू होतात. मुलांचं उशिरा उठणं आणि आई-बाबांच्या व्हॉट्सॲपवर समर कॅम्पच्या जाहिराती.

पाच दिवस, चार रात्री. रॅपलिंग, कयाकिंग, ट्रेक, तंबूत मुक्काम, शेकोटी. फोटोत हेल्मेट घातलेली हसरी मुलं. सगळ्या जाहिराती इतक्या सारख्या दिसतात की शेवटी निवड होते ती फी बघून किंवा मित्र कुठे चाललाय ते बघून.

पण कड्यावरून मुलगा खाली उतरत असताना त्याचा दोर कोणी धरलाय, हे जाहिरातीत दिसत नाही. म्हणून १३ ते १७ वयाच्या मुलांसाठीच्या या कॅम्पमध्ये काय काय होतं आणि चांगला कॅम्प ओळखायचा कसा, हे समजून घेऊया.

दिवस कसा जातो?

पहिला धक्का म्हणजे पहाटे पाचला वाजणारी शिट्टी.

त्यामागे शिस्तीपेक्षा मोठं कारण आहे ते ऊन. एप्रिल-मे महिन्यात सह्याद्रीच्या उघड्या कातळावर दहा-साडेदहानंतर चालणं त्रासाचं होतं. म्हणून ट्रेक, क्लाइंबिंग, रॅपलिंग अशा दमवणाऱ्या गोष्टी सकाळी लवकर उरकतात. दुपारी सावलीत दोराच्या गाठी, नकाशा आणि होकायंत्र वाचणं, प्रथमोपचार असं काहीतरी शिकवतात. ऊन उतरलं की पुन्हा मैदानी खेळ किंवा पाण्यातले प्रकार. रात्री आकाशदर्शन, गप्पा, गाणी.

जेवण साधं असतं. पोहे, उपमा, वरण-भात, उसळ, पोळी-भाजी. आपलं ताट आपण घासायचं, हा जवळपास सगळीकडचा नियम.

एखाद्या कॅम्पच्या वेळापत्रकात मे महिन्यात दुपारी एक वाजता किल्ला चढायचा असेल, तर बाकीचं काही वाचायची गरजच नाही. आयोजकाला डोंगर माहीत नाही, असं समजा.

कड्यावरून उतरणं: दोर एक नको, दोन हवेत

मुलांना सगळ्यात जास्त आकर्षण आणि सगळ्यात जास्त भीती असते ती रॅपलिंगची.

कमरेला हार्नेस बांधतात. हार्नेसला कॅराबिनर म्हणजे बंद होणारी धातूची कडी असते आणि त्या कडीत डिसेंडर नावाचं उपकरण. दोर या उपकरणातून वळवून घेतला की घर्षण तयार होतं आणि त्या घर्षणामुळे आपण धपकन खाली न जाता हळूहळू उतरतो. वेग आपल्याच हातात असतो. खालचा हात दोरावर आवळला की थांबतो, सैल केला की उतरतो.

पण घाबरून मुलाने हात सोडला तर?

त्यासाठी दुसरा दोर असतो. याला बिले म्हणतात. तो थेट मुलाच्या हार्नेसला बांधलेला असतो आणि त्याचं नियंत्रण प्रशिक्षकाकडे असतं. पहिल्या दोराचं काहीही झालं तरी हा दुसरा दोर मुलाला धरून ठेवतो. नवशिक्यांचं रॅपलिंग बिलेशिवाय चालू असेल, तर ते थांबवलं पाहिजे. दोन्ही दोर वर एकाच खडकाला किंवा एकाच खिळ्याला अडकवलेले नकोत, हेही तितकंच महत्त्वाचं.

सगळ्यात अवघड असतात पहिली दोन पावलं. कड्याकडे पाठ करून मागे रेलायचं, हे शरीराला पटतच नाही. पाय फाकवून कातळाला काटकोनात राहिलं की पाय घसरत नाहीत. भीतीने कातळाला चिकटलं की घसरतात. एवढं कळलं की अर्धं काम होतं.

आणि एक छोटी गोष्ट. मोकळे केस, ओढणी, जॅकेटची लोंबणारी दोरी डिसेंडरमध्ये अडकू शकते. म्हणून केस घट्ट बांधून हेल्मेटच्या आत आणि टी-शर्ट आत खोचलेला हवा.

पाणी: पोहता येतं म्हणून लाइफ जॅकेट काढायचं नाही

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. तो ॲडव्हेंचर कॅम्प नव्हता, साधी सहल होती. पण मोठा गट आणि अनोळखी पाणी एकत्र आलं की काय होऊ शकतं, हे त्या दिवशी महाराष्ट्राने बघितलं.

अनेक कॅम्प धरणांच्या बॅकवॉटरला असतात. वरून शांत दिसणारं हे पाणी फसवं असतं. खाली बुडालेली शेतं, बांध, झाडांची खोडं असतात आणि दोन पावलांत गुडघाभर पाण्याचं डोक्यावरून पाणी होतं. कयाकिंग करताना लाइफ जॅकेट सगळ्यांनाच घालायचं असतं, पट्टीच्या पोहणाऱ्यांनाही. नाव उलटताना डोक्याला मार लागला, तर पोहता येण्याचा उपयोग नसतो. मुलं पाण्यात असताना बचावासाठी वेगळी बोट आणि किनाऱ्यावर नजर ठेवणारा माणूस हवा.

राफ्टिंगचं गणित वेगळं आहे. कोलाडजवळच्या कुंडलिका नदीवर भर उन्हाळ्यातही राफ्टिंग चालतं, कारण वरच्या वीजप्रकल्पातून पाणी सोडलं जातं. हे पाणी सकाळी येतं आणि राफ्ट त्याच्याबरोबर निघतात. म्हणूनच तिथे सकाळची वेळ गाठावी लागते.

राफ्टमधून पडलंच तर काय करायचं, हे आधी जमिनीवर शिकवलं पाहिजे. उताणं पडायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि वर ठेवायचे. उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. दगडांच्या खाचेत पाय अडकला, तर गुडघाभर पाण्याचा जोरही माणसाला आडवा करतो.

ऊन, वळीव आणि विंचू

कॅम्पमध्ये दोर तुटण्यापेक्षा जास्त वेळा होणारा त्रास म्हणजे उन्हाचा. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे येणं ही सुरुवात. तेव्हाच सावली, विश्रांती आणि ओआरएस दिलं तर मूल तासाभरात बरं वाटून घेतं. पण मूल असंबद्ध बोलू लागलं, त्याचा तोल जाऊ लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात. अंगावर पाणी ओतून, वारा घालून त्याला लगेच गार करायचं आणि दवाखान्यात न्यायचं.

मे महिन्यात दुपारनंतर वळीव येतो, आणि विजा घेऊन येतो. ढग गडगडायला लागले की कड्यावरून, सुळक्यावरून, उघड्या पठारावरून खाली यायचं. एकट्या झाडाखाली थांबायचं नाही. चांगला प्रशिक्षक अशा वेळी ठरलेला कार्यक्रम सरळ रद्द करतो. मुलं नाराज होतात, पण तो त्याचं काम करत असतो.

आता विंचू. कोकणात आणि घाटात लाल विंचू आढळतो. त्याचं विष हृदयावर परिणाम करतं. एकेकाळी यामुळे कोकणात अनेकांचे जीव जात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून उपचाराची दिशाच बदलली. त्यांचं संशोधन लॅन्सेटमध्ये छापून आलं आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उपचार आहे, पण वेळेत पोहोचलं तरच. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं दिसलं, तर सकाळची वाट बघायची नाही.

त्यापेक्षा सोपं म्हणजे सकाळी बूट झटकून घालणं, तंबूची चेन बंद ठेवणं आणि अंधारात टॉर्चशिवाय पाऊल न टाकणं. साप चावल्यास जखम कापायची नाही, चोखायची नाही, दोरी आवळून बांधायची नाही. मुलाला शांत ठेवून, चावलेला भाग न हलवता रुग्णालयात न्यायचं.

कड्यांवर आग्या मोहोळ असतात. उग्र परफ्यूम, धूर आणि आरडाओरडा यामुळे माश्या उठतात. डिओ घरीच ठेवा, असं कॅम्पवाले सांगतात ते याचसाठी.

मोबाईल नाही, घरची आठवण आहे

बहुतेक कॅम्पमध्ये पहिल्याच दिवशी मोबाईल जमा करतात. पहिले दोन दिवस मुलांचा हात सारखा रिकाम्या खिशाकडे जातो. तिसऱ्या दिवशी ती एकमेकांशी बोलायला लागतात.

पहिल्या-दुसऱ्या रात्री घरची आठवण येणं अगदी नैसर्गिक आहे. नववीतल्या मुलालाही रडू येतं, फक्त तो ते लपवतो. अशा वेळी पालकांनी "आत्ता न्यायला येतो" म्हणणं किंवा "एवढं काय त्यात" म्हणणं, दोन्ही टाळावं. ऐकून घ्यावं आणि उद्याचा दिवस बघूया म्हणावं. पण कोणी मारतंय, चिडवतंय, नको तिथे स्पर्श करतंय असं मूल सांगत असेल, तर ती घरची आठवण नाही. तेव्हा निघायचंच. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी २०१२ चा पोक्सो कायदा कॅम्पमध्येही लागू असतो.

मुलींच्या गटासोबत मुक्कामाला महिला प्रशिक्षक हवी. पाळी येण्याची शक्यता धरून पॅड, वापरलेल्या पॅडसाठी पिशव्या आणि पाण्याची सोय असलेलं स्वच्छतागृह याबद्दल आधीच विचारावं. लाजून विचारलं नाही, तर मुली दिवसभर पाणी कमी पितात आणि उन्हात आजारी पडतात.

"मला नाही करायचं" म्हणता येतं का?

आलं पाहिजे. चांगला प्रशिक्षक घाबरलेल्या मुलाला समजावतो, लहान उंचीवर सराव करून घेतो, पुन्हा विचारतो. तरीही नाही म्हटलं तर हार्नेस काढून बाजूला बसवतो. ढकलत नाही आणि इतरांना हसू देत नाही. कधीकधी तेच मूल शेवटच्या दिवशी स्वतःहून रांगेत उभं राहतं. नाही राहिलं तरी काही बिघडत नाही.

नियम काय सांगतात?

महाराष्ट्र सरकारने २४ ऑगस्ट २०२१ रोजी साहसी पर्यटन धोरणाचा शासन निर्णय काढला. जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही प्रकारच्या साहसी उपक्रमांसाठी आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं त्यात अपेक्षित आहे. प्रशिक्षित माणसं, योग्य साहित्य, प्रथमोपचार आणि आपत्कालीन तयारी या गोष्टी त्यात येतात. त्यामुळे नोंदणीचं प्रमाणपत्र मागणं हा पालकांचा आगाऊपणा नाही.

पैसे भरताना एका हमीपत्रावर सही घेतात. "काही झाल्यास आम्ही जबाबदार नाही" असं त्यात लिहिलेलं असतं. पण अशी सही झाली म्हणून आयोजकाच्या निष्काळजीपणाची जबाबदारी आपोआप संपत नाही.

पैसे भरण्याआधी हे सात प्रश्न विचारा

१. पर्यटन संचालनालयाची नोंदणी आहे का? प्रमाणपत्र पाठवा.

२. प्रशिक्षकांचं प्रशिक्षण कुठे झालं? दार्जिलिंगची १९५४ पासूनची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट आणि उत्तरकाशीची १९६५ पासूनची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग इथे बेसिक आणि ॲडव्हान्स कोर्स होतात. शिकवणाऱ्यांसाठी मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन हा वेगळा कोर्स असतो.

३. किती मुलांमागे किती प्रशिक्षक? स्वयंपाकी आणि ड्रायव्हर यात धरलेत का?

४. दोर आणि हार्नेस किती जुने आहेत? ते कधी बाद करता?

५. सर्वात जवळचं रुग्णालय कोणतं, तिथे सर्पदंशाची लस असते का, आणि रात्री न्यायला गाडी कॅम्पवर उभी असते का? १०८ ची रुग्णवाहिका आहेच, पण दुर्गम भागात ती पोहोचायला वेळ लागू शकतो.

६. विमा आहे का, आणि त्यात साहसी खेळ येतात का?

७. कॅम्पवर मोबाईलला रेंज नसेल तर घरी निरोप कसा मिळणार?

उत्तरं देताना समोरचा चिडत असेल किंवा "काही होत नाही हो, इतकी वर्षं करतोय" म्हणत असेल, तर दुसरा कॅम्प बघा. ज्याची तयारी असते, तो अशा प्रश्नांनी खूश होतो.

एक प्रश्न पालकांसाठीही आहे. फॉर्मवर दमा, फिट येणं, ॲलर्जी, नुकतंच झालेलं ऑपरेशन हे सगळं खरं लिहिलंय ना? प्रवेश नाकारतील म्हणून लपवलेला आजार रात्री दोन वाजता डोंगरात उघडा पडतो.

बॅगेत काय हवं?

वापरून सैल झालेले, चांगली पकड असलेले बूट. नवे कोरे नकोत, फोड येतात. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, टोपी, दोन लिटर पाणी मावेल एवढ्या बाटल्या, टॉर्च आणि जादा सेल, ओआरएस, रोजची औषधं चिठ्ठीसह, शिट्टी आणि घरचे फोन नंबर लिहिलेला कागद. मोबाईल जमा झाल्यावर आईचा नंबर पाठ नसल्याचं बऱ्याच मुलांच्या लक्षात येतं.

आणि बॅग मुलालाच भरू द्या. कॅम्पमध्ये ती त्यालाच उचलायची आहे. काय कुठे ठेवलंय, हे अंधारात त्यालाच शोधायचंय.