ऑनलाइन फॉर्मला मराठी आकडे का कळत नाहीत?
ऑनलाइन फॉर्ममध्ये वय '२५' असं मराठी अंकांत लिहिलं, की कधी कधी 'योग्य संख्या टाका' असा मेसेज येतो. असं का होतं?

फॉर्ममध्ये टाइप केलेलं सगळं कॉम्प्युटरसाठी आधी मजकूर असतं, प्रोग्रॅमिंगच्या भाषेत 'स्ट्रिंग'. '२५' आणि '५' या स्ट्रिंग जोडल्या तर उत्तर ३० नाही, २५५ येतं. म्हणून हिशोबाआधी स्ट्रिंगचं पूर्णांकात, म्हणजे 'इंटिजर'मध्ये रूपांतर करावं लागतं.

हे काम करणारं पायथॉनमधलं 'इंट' आणि जावामधलं 'पार्सइंट' देवनागरी अंक ओळखतं. वेबसाइटवर सर्रास वापरली जाणारी जावास्क्रिप्ट मात्र 'नॅन', म्हणजे 'ही संख्याच नाही', असं उत्तर देते.

स्वल्पविरामानेही घोळ होतो. इंग्रजी अंकांत १,५०० लिहिलं तर पायथॉन एरर दाखवतं. जावास्क्रिप्टचं 'पार्सइंट' मात्र स्वल्पविरामापाशी थांबतं आणि फक्त १ घेतं. एरर निदान दिसते. दीड हजाराचा एक रुपया झालेला कळतही नाही.

दोष मराठी अंकांचा नाही. युनिकोडमध्ये ० ते ९ या देवनागरी अंकांना स्वतंत्र जागा आहे. रूपांतराआधी ते बदलून घेणारी एखादी ओळ प्रोग्रॅममध्ये लिहिली, की फॉर्मला मराठी वय कळतं.