घरच्या कॉम्प्युटरात दोन हार्ड डिस्क : 'पार्टिशन' करावं की 'रेड' लावावं?

कोरेगाव : तालुक्यात आता गल्लीआड एखादा कॉम्प्युटर दिसतोच. सेवा केंद्र, दूध संकलन, फोटो स्टुडिओ, पोरांचा अभ्यास असं बरंच काही त्याच्यावर चालतं. कॉम्प्युटर बिघडला तर दुसरा आणता येतो. पण हार्ड डिस्क गेली तर आतले लग्नाचे फोटो, दुधाचा हिशेब, गेलेल्या माणसांचे व्हिडिओ पैसे मोजूनही परत मिळतील याची खात्री नसते. म्हणून दुसरी डिस्क बसवताना 'पार्टिशन' आणि 'रेड' या दोन शब्दांतला फरक आधी समजून घ्यावा.

पार्टिशन म्हणजे काय?
एकाच रानात मधी बांध घालून दोन तुकडे करावेत, तसं हे काम. डिस्क एकच, पण कॉम्प्युटरला सी आणि डी असे दोन ड्राइव्ह दिसतात. सी मध्ये विंडोज, डी मध्ये आपलं सामान. फायदा असा, की विंडोज बिघडून नवीन मारायची वेळ आली तर फक्त सी पुसला जातो, डी मधलं तसंच राहतं. मात्र डेस्कटॉप आणि डाउनलोड हे फोल्डर बहुधा सी मध्येच असतात, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही.
तोटाही तेवढाच मोठा. पूर आला तर बांधाच्या दोन्ही बाजूचं पीक जातं. तसंच डिस्कच खराब झाली तर सी आणि डी दोन्ही एकदम जातात. डी मधली कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे.

रेड म्हणजे काय?
दोन किंवा जास्त डिस्क जोडून त्यांच्याकडून एकीसारखं काम करून घेण्याची ही पद्धत. अमेरिकेतल्या बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी 1988 मध्ये ती शोधनिबंधातून मांडली. महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त छोट्या डिस्क एकत्र वापराव्यात, हा विचार त्यामागं होता. घरगुती वापराला तीन प्रकार माहीत असले तरी पुरे.

रेड 0 : एका जुवाला दोन बैल. वेग वाढतो, 1 टीबीच्या दोन डिस्क मिळून 2 टीबी जागा मिळते. पण एक बैल बसला की गाडी थांबली. एक डिस्क गेली तर दोन्हींवरचं सगळं जातं. जपून ठेवायच्या वस्तूंना हा प्रकार नको.

रेड 1 : एकच हिशेब एकाच वेळी दोन वह्यांत लिहिणं. 1 टीबीच्या दोन डिस्क लावल्या तरी जागा 1 टीबीच मिळते. पण एक डिस्क गेली तरी दुसरीवर काम चालू राहतं.

रेड 5 : याला किमान तीन डिस्क लागतात. 1 टीबीच्या तीन लावल्या तर 2 टीबी वापरता येते आणि एक गेली तरी चालतं. घरी याची सहसा गरज पडत नाही.

रेड 1 लावलं म्हणजे निर्धास्त?
नाही. चुकून फोल्डर डिलीट केला तर दोन्ही डिस्कवरून जातो. व्हायरसनं फायली बंद केल्या तर दोन्हीकडच्या होतात. वळवाच्या पावसात वीज पडून जास्त दाब आला, तर एकाच डब्यातल्या दोन्ही डिस्क जळू शकतात. चोरानं डबा उचलला तर दोन्ही गेल्या. रेड 1 फक्त डिस्क खराब होण्यापासून वाचवतं, बाकी कशापासून नाही.

मग कुणी काय करावं?
डिस्क एकच असेल तर रेडचा प्रश्नच नाही. सी आणि डी करावेत आणि महत्त्वाचं सामान बाहेरच्या डिस्कवरही ठेवावं.
घरी दोन डिस्क असतील तर दुसरीला यूएसबीची पेटी बसवून ती बाहेरची करावी. आठवड्यातून एकदा जोडायची, कॉपी करायची आणि काढून कपाटात ठेवायची. जोडलेली नसेल तर तिला ना वीज लागते, ना व्हायरस.
दूध संकलन किंवा सेवा केंद्रासारखं, दारात माणसं उभी असताना थांबून चालत नाही असं काम असेल, तर रेड 1 फायद्याचं. तरी बाहेरची कॉपी हवीच.

काम देण्याआधी
रेड लावताना डिस्क साधारणपणे पूर्ण पुसल्या जातात. त्यामुळं आधी कॉपी काढावी आणि ती उघडून बघावी. नेहमीपेक्षा वेगळा टक-टक आवाज आला किंवा फायली उघडायला फार वेळ लागू लागला, तर आधी कामाचं तेवढं काढून घ्यावं. नवीन एसएसडीला आवाज नसतो, ती न सांगता बंद पडू शकते.
सातबारा ऑनलाइन पुन्हा काढता येतो. घरातले फोटो आणि हिशेब मात्र आपल्याशिवाय कुणाकडंच नसतात. कॉपी काढताना सुरुवात त्यांच्यापासून करावी.